रेडिएटरमधले आबा

माझ्यावर आयुष्यात एकच चोरीचा आळ आलाय आणि तो शंभर टक्के खरा आहे. मोबाईल नाही, पाकीट नाही, देवळातल्या चपला नाहीत. पाणी! घागरभर पाणी चोरलं मी. सणाच्या दिवशी, भर उन्हात, लोकांच्या ओट्यावरून. वर ठेवलेलं खरबूजसुद्धा सोडलं नाही.

हसा, आधी हसून घ्या. चहा यायला वेळ आहे, तोवर सगळं सांगतो. पण दोष एकट्या माझा नाही, हे आधीच मनात लिहून ठेवा. त्यात माझे वडील आहेत, माझी आत्या आहे आणि आमची गाडी आहे. तिघंही जुने, तिघंही तापट, आणि तिघांनाही कुणी पुढं गेलेलं खपत नाही.

गाडीपासून सुरू करू. वडिलांना आम्ही नाना म्हणतो. नाना दीपनगरच्या वीज केंद्रात नोकरीला होते तेव्हा त्यांनी ती घेतली. मी चार वर्षांचा होतो. पांढरीशुभ्र गाडी! कॉलनीतले लोक ती बघायला यायचे, आणि नाना त्यांना लांबूनच दाखवायचे. पहिले आठ दिवस त्यांनी आम्हालाही आत बसू दिलं नाही. का? तर सीटचं प्लॅस्टिक फाटेल!

पुढं याच गाडीत आम्ही आठ-आठ जण कोंबून उनपदेवच्या गरम पाण्याच्या झऱ्याला गेलो. पुढच्या सीटवर अक्का, म्हणजे माझी आत्या, नानांची थोरली बहीण. तिच्या मांडीवर मी आणि माझ्या मांडीवर केळीचा घड. काच खाली करायचं हँडल चारी दारांत मिळून एकच उरलेलं. ते पुढच्यानं वापरायचं, काढायचं, मागं द्यायचं. मागच्यानं काच खाली केली की परत पुढं. पुढचं डावं दार आतून उघडायचं नाही. खिडकीतून हात बाहेर काढून बाहेरची कडी दाबायची. आम्हाला वाटायचं, ही काय भारी गाडी आहे! जगातल्या बाकी गाड्यांची दारं नुसतीच उघडतात, मजाच नाही.

लहानपणी ज्याची मजा वाटते ना, तेच ड्रायव्हरच्या सीटवर बसलं की डोक्यात जातं. आता तिचा रंग चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा झालाय. किल्ली तीनदा फिरवल्याशिवाय ती चालू होत नाही. डावीकडं वळलं की हॉर्न आपोआप वाजतो. जळगावातला आमचा भाग, सगळं मेहरूण, आमच्यामुळं दचकतं. आणि उन्हाळ्यात ती पाणी पिते. माणसापेक्षा जास्त.

आता भांडण. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणीला माहेरी न्यायला घरचा माणूस जातो. त्याला मुराळी म्हणतात. बाई साठीची झाली तरी मुराळी लागतोच. नाना दरवर्षी गाडी घेऊन धुळ्याला जायचे आणि अक्काला आणायचे. अक्का आली की दारातल्या निंबाला झोका बांधला जायचा. ती झोक्यावर उभी राहून असली गाणी म्हणायची की शेजारच्या बायका पोळपाट टाकून यायच्या. मी आठवीत असताना मात्र गाडी पारोळ्याला बंद पडली. आता शहाण्या माणसानं काय करावं? गाडी मेकॅनिककडं सोडावी, एसटी पकडावी आणि बहिणीला आणावं. नाना दोन दिवस गाडीपाशी बसून राहिले! मेकॅनिक पार्ट बदलेल म्हणून. आणि तिकडं अक्का सगळी आखाजी बांधलेल्या पिशव्यांवर बसून होती.

संपलं. आठ वर्षं अबोला! नाना म्हणायचे, 'गाडीची चूक नव्हती.' अक्का म्हणायची, 'त्याला गाडीच बहीण.' दोघांचं वय मिळून सव्वाशेच्या पुढं, आणि अक्कल मिळून माझ्याएवढीसुद्धा नाही. या म्हाताऱ्यांना चष्मा कुठं ठेवला ते आठवत नाही, पण रुसवा आठ वर्षं ताजा ठेवता येतो. झोका गेला, गाणी गेली, आणि हे दोघं आपापल्या गावी ताठ मानेनं म्हातारे होत बसले.

तीन वर्षांपूर्वी, आखाजीच्या आदल्या दिवशी, आईनं वैतागून अक्काला फोन लावला आणि स्पीकर चालू करून नानांसमोर ठेवला.

"मुराळी पाठवतो," नाना फोनला म्हणाले.

"कशावर पाठवतो?"

"गाडीवर."

"कोणत्या?"

"आहे तीच."

मग अक्का म्हणाली, "पाठव. बघू तरी. पण उद्या बारा वाजेच्या आत तुझ्या उंबऱ्यावर पितरांची घागर भरायला उभी राहिले तर राहिले. नाहीतर त्याच पावली परत. मग माझ्या नावाची घागर भरशील तेव्हाच माझी आठवण काढ!"

आईनं डोळ्याला पदर लावला. मी म्हणालो, "नाना, मित्राची एसी गाडी आणतो. दीड तासात धुळं, दीड तासात परत."

"त्याच गाडीनं आणायची."

"का?"

"गाडीची चूक नव्हती."

बघा! अशा माणसाशी काय बोलणार? सकाळी निघताना त्यांनी सूचना सुरू केल्या. डिक्कीत पाण्याची कॅन आहे, ती काढू नको. तापमानाची सुई वर गेली की थांब. रेडिएटरचं झाकण फडक्यानं उघड.

"नाना, मी मेकॅनिकलला होतो."

"होतास," नाना म्हणाले.

डिप्लोमा मी दोन वर्षांनी सोडला होता. त्या एका 'होतास'मध्ये त्यांनी माझी दोन्ही वर्षं गुंडाळून ठेवली.

धुळ्याला नऊच्या आत पोचलो. अक्का दारातच उभी होती, पिशव्यांसकट. पापड, कुरडया, लोणच्याची बरणी, गहू आणि उशीएवढी शेवयांची पिशवी. डिक्कीत मावेना. मग मी काय केलं असेल? बरोब्बर. कॅन काढली आणि तिच्या अंगणातल्या तुळशीपाशी ठेवून दिली. नव्वद किलोमीटर तर जायचं! मेकॅनिकलला होतो ना मी.

अक्का पुढं बसली, ओला रुमाल डोक्यावर टाकला आणि सुरू झाली. "हळू. ट्रक आहे. नानासारखाच चालवतोस, रस्त्याच्या मधोमध. ही काच अजून अशीच? आणि हे कव्हर? हे तर मी शिवलेलं!" शेवटचं वाक्य बोलताना तिनं सीटवर हात फिरवला आणि उसवलेली शिवण बोटानं दाबून बघितली.

पारोळं मागं पडलं आणि सुई चढायला लागली. अक्काला दिसू नये म्हणून मी सुईवर मोबाईल टेकवून ठेवला. माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाचे उपाय! पाचच मिनिटांत बोनेटमधून वाफ यायला लागली.

"ढग आलेत का रे?" अक्कानं विचारलं.

रस्त्याला लागूनच वीस-पंचवीस घरांचं गाव होतं. एका निंबाखाली गाडी घातली. अक्कानं आधी घड्याळाकडं बघितलं, मग माझ्याकडं. सव्वादहा. तोंडावर रुमाल ओढून ती मागं टेकली. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

गावात चिटपाखरू नाही. सणाचा दिवस, सगळे आत पुरणात. आणि समोरच्याच ओट्यावर, उंबऱ्यापाशी, एक नवी कोरी मातीची घागर! काठोकाठ भरलेली. तोंडावर छोटं मातीचं भांडं, त्यावर खरबूज, म्हणजे आमच्याकडचं डांगर, बाजूला दोन आंबे.

मला वाटलं पाणपोई.

थांबा, असं बघू नका! मला काय माहीत? आमच्या घरी पितरांची घागर भरून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवतात. म्हणे. मी कधी पाहिलेली नाही. आखाजीला मी थेट आमरसालाच उठतो. जिवंतपणी ज्यांना कुणी धड विचारलं नाही त्यांना मेल्यावर खरबूज कशाला, असं मी नानांना तोंडावर सुनावलेलं आहे. उंबऱ्यावर कुंकवाची बोटं ओळीनं उमटलेली होती. मला वाटलं, लहान पोरांचा खेळ. आणि खरबूज? धूळ पडू नये म्हणून झाकण!

मी हाक मारली. दोनदा मारली, हेही लिहून ठेवा. आतून फक्त मिक्सरचा आवाज. मग घागर उचलली, गाडी जराशी निवेपर्यंत थांबलो, फडक्यानं झाकण उघडलं आणि हळूहळू ओतत गेलो. शेवटच्या थेंबापर्यंत. गाडी अशी गटागटा प्यायली की मलाच तहान लागली. रिकामी घागर सभ्यपणे जागेवर ठेवली. खरबूज आणून अक्काच्या मांडीवर दिलं.

"अक्का, गाव फार भलं आहे. पाणी तर ठेवलंच होतं, वर फळसुद्धा."

अक्कानं रुमाल बाजूला केला. "याला कुंकू कसलं?"

"सण आहे ना आज."

"कुठून आणलं हे?"

"त्या घागरीवरून."

"आणि घागर?"

"केली रिकामी."

अक्काचं तोंड उघडलं, पण आवाजच निघाला नाही. मी जन्मात पहिल्यांदा असं दृश्य पाहत होतो. मग आवाज आला.

"करंट्या! कुणाचा तरी बाप ओतलास तू गाडीत!"

खोटं कशाला सांगू? मी पळायचंच ठरवलं. रस्ता मोकळा, रेडिएटर भरलेला, घड्याळ पुढं चाललेलं. किल्ली फिरवली आणि जी गाडी उभ्या जन्मात तीनदा नाही म्हटल्याशिवाय चालू झाली नव्हती, ती एका फटक्यात सुरू झाली! मी वर बघितलं. बोनेटसमोर एक म्हातारी उभी. हातात ताट, ताटात गोड सांजोऱ्या. तिनं रिकाम्या घागरीकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग अक्काच्या मांडीवरच्या खरबुजाकडं.

"आप्पा!" ती ओरडली. "आबानं पानी कोनी लिधं रे!" म्हणजे, आबांचं पाणी कुणी घेतलं!

घरातून तिचा मुलगा, आप्पा, धावत आला. पन्नाशीचा, धिप्पाड, दोन्ही हात कोपरापर्यंत आमरसात. त्याच्या मागं शेजारपाजार.

"कथं शे पानी?"

"गाडीत," मी खाली उतरत म्हणालो.

"गाडीमां? कोनी पिधं?"

"गाडीनं. दादा, मला वाटलं पाणपोई आहे."

"पानपोईवर डांगर ठेवतस का रे शहाण्या? काढ! काढ आमना आबाले बाहेर!"

"काढतो, पण आत उकळतंय ते."

हे मी बोलायला नको होतं. आप्पाच्या हातातून आमरसाचा थेंब टपकलेला ऐकू आला.

"आबाले उकाळी टाकं?"

"दादा, नवं पाणी भरून देतो. हापशीचं. तेही पाणी, हेही पाणीच!"

हे तर अजिबातच बोलायला नको होतं. उंबऱ्यावर एकेक बोट कुंकू लावून एकेका पितराचं नाव घेऊन झालं होतं. म्हणजे आप्पाचे वारलेले वडील, आबा, येऊन बसले होते, पाणी प्यायचे बाकी होते, आणि तेवढ्यात मी! कुणी म्हणालं, गाडी इथंच ठेवून घ्या. कुणी म्हणालं, टाकीला नळी लावा. एकानं तर इंजिनाला हात जोडले.

तेवढ्यात मागून खट्ट आवाज झाला. अक्कानं खिडकीतून हात बाहेर काढून, कडी दाबून, दार उघडलं होतं. आठ वर्षांनी, न बघता, पहिल्याच झटक्यात! डोक्यावर पदर घेऊन ती खरबुजासकट म्हातारीपुढं उभी राहिली.

"माय, पोरगं आमचं आहे. अक्कल कमी आहे, पण मनात पाप नाही."

ती माझ्या बाजूनं बोलली की विरोधात, ते मला अजून कळलेलं नाही.

म्हातारी मात्र गाडीकडंच बघत होती. तिनं बोनेटला हात लावला, चटका बसला, तरी काढला नाही. "कथी जास ही गाडी?"

"जळगावला, आजी."

"जिंदगीभर या ओटावर बशीसन गाड्या मोजात ते," ती म्हणाली. "लाल इतल्या, पांढऱ्या इतल्या. बठनात एकदाच. दवाखानामां लई गयात तवय. तवय त्यासले सुदच नव्हती. मी कानमां सांगे, अहो, गाडीमां बठनात तुम्ही, देखा तरी."

आप्पानं आमरसाचे हात सदऱ्याला पुसले.

मग म्हातारीनं पदर खोचला. "आप्पा, बस गाडीमां. आबाले गाव फिराई आन."

मी अक्काला हळूच घड्याळ दाखवलं. अकरा वाजून गेले होते. "अक्का, आता निघालो तर कदाचित..."

"गप! लोकांची घागर मोडून आपली भरायला जाऊ?" तिनं ओट्यावरची रिकामी घागर उचलली. म्हातारीची लेक त्या वर्षी येऊ शकली नव्हती, हे तिनं कधी विचारून घेतलं कोण जाणे. "तुमची फेरी होईस्तोवर मी हापशीवरून भरून आणते, माय. लेकीच्या हातची समजा."

आणि आम्ही निघालो. पुढं आप्पा, मागं म्हातारी, रेडिएटरमध्ये आबा. डावीकडं वळलं की हॉर्न! घराघरांतून माणसं बाहेर. म्हातारी खिडकीतून सांगायची, "आबा शेत, आबा!" बायका बोनेटला कुंकू लावायच्या. शाळा झाली, मारुतीचा पार झाला, विहीर झाली. शेताच्या बांधाशी आप्पानं मला थांबायला लावलं. घटकाभरापूर्वी मला तुडवायला निघालेला माणूस बोनेटकडं बघून म्हणाला, "आबा, यंदा बोअरले पानी लागनं बरं का." आणि त्यानं तोंड खिडकीकडं फिरवलं. मी गिअर शोधायला लागलो. गिअर जागेवरच होता.

परत आलो तर अक्कानं घागर भरून ठेवली होती, वर खरबूज, बाजूला आंबे. म्हातारीनं तिला पोटाशी धरलं. जेवल्याशिवाय कुणी सोडेना. घरी पोचलो तेव्हा पावणेदोन वाजले होते.

नाना उंबऱ्यावर बसले होते. शेजारी घागर, कोरडी. आई दारातून म्हणाली, "सकाळपासून पाण्याचा थेंब घेतलेला नाही यांनी."

नाना उठले. आधी कुंकवानं माखलेलं बोनेट बघितलं, मग अक्काला बघितलं.

"बंद पडली?"

हा आवाज माझ्या नानांचा नव्हता. तो शाळेत मार खायला उभ्या राहिलेल्या मुलाचा आवाज होता. मला नाना कधीच आवडत नाहीत, पण तेव्हा बघवेना.

अक्का उतरली. "गाडीला काही झालं नाही. सोन्यासारखी चालली. बिघाड तुझ्या पोरात आहे." आणि तिनं भर अंगणात सगळं सांगितलं. पाणपोईपासून 'उकळतंय'पर्यंत, माझ्या आवाजात, माझ्या हातवाऱ्यांसकट. नाना खांबाला धरून हसले. हसता हसता खाली बसले. आठ वर्षांत एवढे दात पाहिले नव्हते मी त्यांचे. त्यातले दोन पडलेत, हे मला त्या दिवशी कळलं.

"मी म्हणत होतो," ते डोळे पुसत म्हणाले, "गाडीची चूक नव्हती."

"नव्हतीच. तुझी होती."

"माझी होती," नाना म्हणाले.

एवढंच! दोन शब्दांचं काम, आणि आठ आखाज्या वाया घालवल्या या लोकांनी.

"पण तू बारा वाजेच्या आत म्हणाली होतीस," नाना चाचरले.

"तुझं घड्याळ पुढं आहे," अक्का म्हणाली. "घागर उचल."

दोघांनी मिळून घागर भरली. उंबऱ्यावर एकेक नाव, एकेक बोट. मीही पहिल्यांदाच उभा राहून बघितलं. शेवटी अक्कानं एक बोट जास्तीचं उमटवलं.

"हे कुणाचं?" नानांनी विचारलं.

"पाहुण्याचं. गाडीत बसलेत."

तेव्हापासून आखाजीला पहाटे आप्पाचा फोन येतो, "ड्रायव्हर, निंघना का?" आधी त्या गावी जायचं. म्हातारी स्वतःच्या हातानं रेडिएटरमध्ये तांब्याभर पाणी ओतते, मग गावाला एक फेरी, मग धुळं, मग अक्का. मेकॅनिक म्हणतो गाडी भंगारात काढा. नाना म्हणतात, कशी काढू, आतल्या माणसाला विचारलंय का?

आणि परवा एका लग्नात कुणीतरी नानांना विचारलं, तुमचा मुलगा सध्या काय करतो? नानांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्या अभिमानानं सांगितलं, "नोकरीला आहे. एका मयत माणसाकडं ड्रायव्हर. वर्षातून एक दिवस काम, पगार दोन सांजोऱ्या."

मागच्या वर्षी त्यातलीही एक म्हातारीनं कापली. उशिरा पोचलो म्हणून.